इंजिनाच्या चित्रात नसलेला माणूस

भारतातल्या पहिल्या आगगाडीचं चित्र पाहिलेलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. शाळेच्या पुस्तकात, दिवाळीच्या कॅलेंडरवर, रेल्वेच्या पन्नाशी-शंभरीच्या विशेषांकांत ते पुनःपुन्हा छापलं गेलं आहे. उंच धुराडं, पितळी घुमट, पुढे दोन लहान चाकं आणि त्यामागे एकमेकांना दांड्याने जोडलेली चार मोठी चाकं. १६ एप्रिल १९५३ रोजी आपल्या रेल्वेला शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा टपाल खात्याने दोन आण्यांचं तिकीट काढलं, त्यावरही हेच इंजिन आहे आणि शेजारी १९५३ सालचं नवं इंजिन. आमच्या लोणी काळभोरातल्या, दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणाऱ्या एका चित्रकाराने त्या तिकिटावरून मला एक तैलचित्र करून दिलं. नवं इंजिन त्याने वगळलं आणि जुन्याच्या पाठीमागे आपल्या मनाने सह्याद्रीचे कडे रंगवले. ते चित्र आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. येणारा-जाणारा इंजिनाचं नाव विचारतो. पहिल्या गाडीला तीन इंजिनं होती आणि त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगितली जातात, एवढं मी सांगतो. ही गाडी आणण्यासाठी कोण झटलं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

झटलेल्यांत एक माणूस मराठी होता. टपाल खात्याने त्याच्यावरही तिकीट काढलं, पण ते १९९१ साली. इंजिनानंतर अडतीस वर्षांनी. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे मुंबईकरांचे नाना. ग्रँट रोडच्या नाना चौकामुळे नाव सर्वांच्या तोंडी आहे आणि माणूस फारसा कोणाला ठाऊक नाही, अशी त्यांची गत झाली आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. दैवज्ञ ब्राह्मण कुळातलं, मुर्कुटे आडनावाचं हे घराणं. पूर्वज कोकणातून मुंबईत आले, व्यापारात शिरले, आणि वडील शंकरशेट यांच्या काळात घरात लक्ष्मी पाणी भरू लागली. आई भवानीबाई लवकर गेली. १८२२ मध्ये वडीलही गेले. पेशवाई बुडून चारच वर्षं झाली होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी या मुलाच्या हाती मोठी पेढी, मोठी इस्टेट आणि मोठं नाव आलं. अशा वयात अशी संपत्ती हाती आली की तिचं काय होतं, हे मी बँकेत अनेक घराण्यांच्या खात्यांतून पाहिलं आहे. पहिली पिढी जमा करते, दुसरी राखते, तिसरी उडवते. नानांनी ती राखली, वाढवली आणि शिवाय तिचा मोठा भाग सार्वजनिक कामांच्या खात्यात वळता केला.

पहिलं काम शिक्षणाचं. १८२२ मध्ये मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी सोसायटी निघाली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा गव्हर्नर होते. नाना ऐन तारुण्यात या कामात शिरले. एल्फिन्स्टन निवृत्त झाल्यावर त्यांच्या नावाने जो निधी जमला आणि ज्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभं राहिलं, त्यातही ते होते. दादाभाई नौरोजी आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे त्याच विद्यालयाचे विद्यार्थी. १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालं, त्यावर नाना १८५६ पर्यंत होते. या बोर्डात एक मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचं म्हणणं, शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. नाना आणि कर्नल जर्विस यांचं म्हणणं, सामान्य माणसाला ज्ञान मिळायचं तर ते त्याच्या भाषेतूनच मिळेल. स्वतः उत्तम इंग्रजी जाणणारा, गव्हर्नरांच्या दरबारात मानाने बसणारा हा श्रीमंत गृहस्थ मराठीच्या आणि गुजरातीच्या बाजूने भांडला. पावणेदोनशे वर्षं झाली, तो वाद अजून मिटलेला नाही.

सतीच्या चालीविरुद्धच्या १८२९ च्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. विद्यार्थ्यांच्या साहित्य आणि शास्त्रविषयक सभेने मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. घरात देवधर्म कडक, पूजाअर्चा चुकायची नाही, आणि त्याच आवारात मुली अक्षरं गिरवताहेत, हे दृश्य त्या काळच्या गिरगावाने कसं पचवलं असेल याची कल्पना करावी. सोनापूरचं स्मशान लांब शिवडीला न्यावं असा बेत झाला, तेव्हा गरिबांनी मयत घेऊन तेवढं अंतर कसं जायचं, म्हणून नाना त्याविरुद्ध उभे राहिले. शाळेपासून स्मशानापर्यंत असा त्यांचा पसारा.

आता आगगाडी.

इंग्लंडात १८२५ आणि १८३० साली गाड्या सुरू झाल्या. मुंबईत तिचं बोलणं निघालं ते १८४३-४४ च्या सुमाराला. सरकारी इंजिनियर जॉर्ज क्लार्क भांडुपच्या बाजूला गेले असता त्यांच्या डोक्यात ठाण्याकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना आली, असा इतिहास आहे. कल्पना इंजिनियरची खरी, पण ती पुढे न्यायला पैसा आणि पत लागते. ती मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे होती. १८४५ मध्ये इथे रेल्वेसाठी मंडळ उभं राहिलं, त्यात नाना होते आणि सर जमशेटजी जीजीभाई होते. लंडनमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी निघाली आणि हा सगळा उद्योग तिच्यात मिळाला. साहेब संचालकांच्या रांगेत हिंदी नावं दोनच, एक पारशी आणि एक मराठी. कंपनीच्या सुरुवातीच्या कचेरीसाठी नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली, असं त्यांची चरित्रं सांगतात.

नानांना गाडी का हवी होती? ते व्यापारी होते, आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर सह्याद्री होता. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तरी देशावरचा माल बंदरात यायचा तो बैलाच्या पाठीवरून नाही तर बैलगाडीतून. वऱ्हाड-खानदेशचा कापूस वाटेत धुळीने माखायचा, पावसात सापडला तर कुजायचा. इकडे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि १८४६ साली अमेरिकेतलं पीक बुडाल्यावर त्यांची घाई वाढली. मुंबईच्या व्यापाऱ्याला मधली वाट मोकळी हवी होती. तेव्हा नानांची इच्छा निव्वळ परोपकाराची होती असं म्हणायचं कारण नाही. त्यांना आपल्या शहराचा धंदा वाढायला हवा होता आणि तो वाढला तर सर्वांचंच भलं होईल, असा त्यांचा हिशेब होता.

इथे मला माझ्या जुन्या नोकरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १७ ऑगस्ट १८४९ रोजी रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात जो करार झाला, त्याच्या अटी कर्जखात्यात काम केलेल्या माणसाने वाचाव्यात आणि थक्क व्हावं. भागधारकांच्या भांडवलावर वर्षाला पाच टक्के व्याजाची हमी. जमीन फुकट, ९९ वर्षांसाठी. नफा पाच टक्क्यांहून कमी झाला तर उरलेली रक्कम सरकारी तिजोरीतून. आणि सरकारी तिजोरी म्हणजे इथल्या रयतेचा सारा. मी इतकी वर्षं शेतकऱ्यांना, कारखानदारांना कर्जं दिली. फायदा तुझा आणि तोटा माझा, असं सांगणारी बँक एकाही कर्जदाराला भेटलेली मी पाहिली नाही. भागधारक बहुतेक इंग्लंडातले. खर्च कमी करण्याची कोणाला निकड नव्हती, आणि अशा हमीवर बांधलेल्या रेल्वेमार्गांचा दर मैली खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या दुपटीहून वर गेला. पुढे ज्या दादाभाईंनी या देशातून बाहेर जाणाऱ्या पैशाचा हिशेब मांडला, ते नानांनी उभारलेल्या शिक्षणसंस्थेतूनच बाहेर पडलेले. इतिहासात असे योग असतात.

करार लंडनमध्ये झाला, सही तिथली, सत्ता तिथली. मुंबईच्या दोन हिंदी गृहस्थांच्या हाती त्या अटी बदलणं नव्हतं. पण म्हणून त्यांचं वजन कमी होतं असंही नाही. इथल्या माणसांचा विश्वास, शहरातली पत, सरकारदरबारी शब्द, हे त्यांनी पुरवलं. हमीदार म्हणून प्रतिष्ठित माणसाचं नाव असलं की बाकीचे निर्धास्त होतात, हे बँकेतल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाचा मुहूर्त झाला. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. रॉबर्ट स्टीफन्सनच्या शिफारशीवरून आलेला तिशीतला तरुण. १८५२ च्या फेब्रुवारीत पहिलं इंजिन मुंबईत उतरलं आणि माणसांकरवी ओढत भायखळ्याला नेलं गेलं. लोकांनी तोबा गर्दी केली. बैल नाही, घोडा नाही, आणि हे धूड चालणार कसं? गव्हर्नरांच्या नावाने त्याला लॉर्ड फॉकलंड म्हणत. मातीकामाच्या गाड्या ते ओढू लागलं. प्रवासी गाड्यांसाठी व्हल्कन फाउंड्री या इंग्लंडातल्या कारखान्याकडून आठ इंजिनं आली. माझ्या भिंतीवरचं इंजिन त्यांच्या जातीचं.

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुटली. एकवीस तोफा झाल्या, गव्हर्नरांचा बँड वाजला. स्वतः गव्हर्नर मात्र आदल्याच दिवशी थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते. त्यांच्याशिवाय सुमारे चारशे निमंत्रित बसले, त्यांत नाना होते. वाटेत शीवला इंजिनांनी पाणी घेतलं आणि एकवीस मैलांवरचं ठाणं साधारण तासाभरात आलं. मुंबई-ठाणे हा तेव्हा दिवसभराचा प्रवास. मुरबाडला जन्मलेल्या पन्नास वर्षांच्या नानांनी लहानपणापासून ती वाट किती वेळा तुडवली असेल! त्या तासाभरात त्यांना काय वाटलं असेल ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. चित्रकारही डब्यांच्या खिडक्यांत माणसं काढत नाहीत, नुसत्या काळ्या चौकटी काढतात.

त्याआधी आठ महिने, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, नानांच्या पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली होती. रयतेची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटपुढे मांडणारी ही पश्चिम हिंदुस्थानातली पहिली राजकीय संस्था. म्हणजे एका हाताने साहेबाबरोबर रेल्वे आणायची आणि दुसऱ्या हाताने साहेबाच्या कारभाराविरुद्ध अर्ज लिहायचा. आजच्या वाचकाला ही तारेवरची कसरत वाटेल. नानांना त्यात विसंगती वाटत नव्हती. जे चांगलं आहे ते घ्यावं आणि जे अन्यायाचं आहे ते बोलून दाखवावं, असा हा व्यवहार होता. १८५७ मध्ये बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय त्यांच्यावर घेतला गेला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर नेमलं.

रेल्वेची खरी परीक्षा बोरघाटात होती. १८५६ च्या मे महिन्यात गाडी खोपोलीपर्यंत आली. वर खंडाळा ते पुणे हा तुकडा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. मधला घाट प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून नाही तर पायी चढायचा आणि वर दुसरी गाडी पकडायची. त्या सोळा मैलांत अठराशे फूट चढायचं होतं. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, कुठे कुठे सदतीस फुटांना एक फूट असा चढ. पहिल्या कंत्राटदाराच्या काळात, १८५९ च्या सुरुवातीला, थकलेल्या मजुरीवरून कामगारांनी दंगा केला आणि त्याला कंत्राट सोडावं लागलं. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस मागे हटली नाही. नवऱ्याचं कंत्राट तिने आपल्या नावावर चालवलं आणि दोन जाणते इंजिनियर हाताशी धरून पुरं केलं. १८६१ साली घाटात एका वेळी बेचाळीस हजार माणसं राबत होती. दोराला लोंबकळत कड्यात सुरुंगाची भोकं पाडणारी, पटकीने आणि तापाने मरणारी ही माणसं देशावरची आणि कोकणातली, बायकापोरांसह आलेली. किती हजार गेली, त्यांचं नाव कोणत्याही दगडावर नाही. बर्कलीही घाट पुरा झालेला पाहायला राहिला नाही, १८६२ च्या ऑगस्टमध्ये गेला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला आणि मुंबईहून पुण्याला सलग गाडी आली.

घाट पुरा होण्याआधीच वरच्या अंगाला लोहमार्ग पुढे सरकत होता. १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून दिक्सळपर्यंत गाडी धावली. ती आमच्या लोणीवरून. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी हीच ती वाट. १८६० मध्ये ती सोलापूरला पोचली. आज लोणीला तेलाच्या टाक्या आहेत, मालगाड्यांची वर्दळ आहे, बाजूच्या सोलापूर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. दीडशे वर्षांपूर्वी इथे ज्वारी-बाजरीची रानं होती आणि थेऊरच्या गणपतीला जाणारी पायवाट.

या रानांचं रेल्वेने काय केलं? मी याच पट्ट्यात शेतीकर्जाचं काम केलं, म्हणून हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. रुळांच्या कामावर रोख मजुरी मिळू लागली. बैलगाडीवाल्यांना भाडी मिळाली. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाचे भाव कधी नव्हे ते चढले. हाती पैसा आला, जमिनीची किंमत वाढली, सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. रेल्वेची कामंही सरली, मजुरी आटली. साऱ्याची नवी आकारणी मात्र चढत्या भावांकडे बघून झालेली. कर्ज तेवढं उरलं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचा दंगा म्हणून तो इतिहासात गेला. चौकशीला बसलेल्या कमिशनने जी कारणं नोंदली त्यांत ही तेजी-मंदीही आहे. तेजीत दिलेलं कर्ज मंदीत गळ्याशी येतं, हा धडा आम्हाला प्रशिक्षणात शिकवला गेला. आमच्या आजे-पणज्यांनी तो असा शिकला होता.

आणि दुसरी बाजूही आहेच. रेल्वेने ज्वारी बाहेर गेली, तशी १८७६-७७ च्या दुष्काळात धान्य आतही आलं. दौंड-मनमाडचा लोहमार्ग तर दुष्काळी काम म्हणूनच बांधला गेला. लोणीचा मुलगा पुण्याला शाळेत जाऊ शकला, बाई माहेरी जाऊन चार दिवसांत परतू शकली, आणि पास काढून नोकरी करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या या रुळांनी पोसल्या. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू लिहिल्या तर खातं कुठल्या बाजूला झुकतं? इतिहासकार अजून भांडत आहेत. मला इतकंच दिसतं, की जमा ज्यांच्या नावावर पडली आणि नावे ज्यांच्या माथी पडलं, ती माणसं वेगवेगळी होती.

नानांना हे सगळं पाहायला मिळालं नाही. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटही खुला झाला आणि देशावर चढणाऱ्या दोन्ही वाटा पुऱ्या झाल्या. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईचा शेअरबाजार कोसळला. कापसाच्या पैशावर फुगलेल्या कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या, लक्षाधीश दिवाळखोर झाले. त्याच महिन्याच्या अखेरीला, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना वारले. वय बासष्ट. ज्या शहराचा धंदा वाढावा म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं, ते शहर त्या दिवसांत आपली बुडीत खाती मोजत होतं.

त्यांचं नाव एका अशा जागी टिकलं जिथे तेजी-मंदी पोचत नाही. चिरंजीव विनायकराव यांनी वडिलांच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती ठेवली. आमच्या वडिलांच्या पिढीत जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला मुलगा म्हटलं की गावात मान ताठ व्हायची. १९१२ साली ती एका कोकणातल्या मुलाने मिळवली, त्याचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवरच्या त्यांच्या सहीकडे बघताना आम्हा बँकवाल्यांना ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. ती कळली तेव्हा मला गिरगावच्या त्या पेढीपासून मिंट रोडपर्यंतचा एक धागा हाती लागल्यासारखं झालं.

नानांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आहे, पण तिथे किती जण जातात? त्याहून सोपी जागा सांगतो. लोणीहून, दौंडहून, पुण्याहून मुंबईला गाडीने गेलात की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता. बाहेर पडताना सगळ्यांचं लक्ष टॅक्सीकडे. तसं न करता रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर उभे राहा आणि त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीकडे मान वर करून पाहा. १८८८ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या वास्तूवर रेल्वेच्या कर्त्या पुरुषांचे चेहरे दगडात कोरलेले आहेत. बहुतेक साहेब आहेत. त्यांच्यात एक डोक्यावर पगडी घातलेला मराठी चेहरा आहे. तो शोधायला दोन मिनिटं लागतील. गाडी वेळेवर आली असेल, तर तेवढा वेळ तुमच्यापाशी असतो.